सुभेदारांचं यान

आमच्या घरमालकांना कुजबुजता येत नसे. अख्खं आयुष्य तोफखान्यात गेलेलं, दोन्ही कान तोफांनी खाल्लेले. उजव्या कानाशी तोंड नेऊन ओरडलं तर थोडंफार आत शिरायचं. डावा नुसता शोभेला. स्वतःचा आवाज स्वतःलाच ऐकू येत नाही म्हटल्यावर माणूस काय करणार? ओरडणार. भाजीत मीठ जास्त पडलं, गुडघा दुखतोय, धोतर फाटलं, सगळं काही गल्लीला समजायचं. देवळाली कॅम्पात, बाजाराच्या मागच्या गल्लीत त्यांचं घर होतं. पुढच्या तीन खोल्यांत ते आणि त्यांची सून, मागच्या दोन खोल्यांत मी आणि आमचे हे. लग्न होऊन महिनाही झाला नव्हता, आणि एका सकाळी सुभेदार अंगणातून गरजले, "मास्तरीण, भांडण झालं का दोघांचं? तोंड सुजल्यालं दिसतंय!" मी शाळेला निघालेली, समोर निम्मी गल्ली नळावर उभी. मेल्याहून मेल्यासारखं झालं बाई मला.

भांडण झालं होतं, हे मात्र खरं. ऐकू येत नसल्यामुळे त्यांची सगळी भिस्त डोळ्यांवर होती. "तोंड बघितलं की कळतं," असं ते उठता-बसता म्हणायचे. दूधवाल्याच्या तोंडावरून त्यांना दुधातलं पाणी कळे, पोस्टमनच्या तोंडावरून तारेतली बातमी. आणि चुकले तरी चूक त्यांची नव्हे, समोरच्याच्या तोंडाची. तोफांच्या रेंजवर सराव सुरू झाला की आमच्या फडताळातल्या कपबश्या किणकिणायच्या. तेव्हा सुभेदार भिंतीला तळवा लावून डोळे मिटून उभे राहायचे आणि सांगायचे, "आज मोठी तोफ हाय. गोळा लांब चाललाय." मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, म्हातारा भिंतीची ओल बघतोय.

सुमनताई म्हणजे त्यांची सून. ती माझ्याच शाळेत इंग्रजी शिकवायची. खोल्या मिळाल्या त्याही तिच्यामुळेच. माझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठी. तिच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं, तेव्हा एकाहत्तरची लढाई लागली. नवरा बापासारखाच तोफखान्यात. वायरलेस घेऊन पुढच्या चौकीवर गेलेला. तुकडीला माघार घ्यावी लागली. बाकीचे आले, हा आला नाही. प्रेत सापडलं नाही. कैदी सुटून आले, त्यांतही नव्हता. बेपत्ता. पुढे सरकारने त्याला मृत धरून सगळं रीतसर केलं, पण घरात तो शब्द सुभेदारांनी बदलू दिला नाही. "बेपत्ता म्हंजी बेपत्ता. मेला असं कुणी म्हणायचं नाय." सासूबाई मुलाचं नाव घेत गेल्या. उरले हे दोघं. सुमनताई कुंकू लावायची, मंगळसूत्र घालायची, वटपौर्णिमेला वडाला फेऱ्या घालायची आणि घरी येऊन आमटीला फोडणी द्यायची. असं करता करता बारा वर्षं उलटून गेली होती.

आणि आमच्या शाळेत चित्रकलेचे मास्तर होते. बिजवर, पदरी एक लहान मुलगी, माणूस अगदी गरीब गाय. त्यांनी सुमनताईला विचारलं होतं. तिने हो म्हटलं नव्हतं आणि नाहीही म्हटलं नव्हतं, आणि ते बिचारे थांबून होते. कधी वह्या द्यायला घरी आले की सुभेदार त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघायचे.

"मला नकोय असं नाही गं," ती मला एकदा म्हणाली. "पण मामंजींपुढे उभी राहून 'तुमचा मुलगा गेला' असं कोणत्या तोंडाने म्हणू? ते त्यांच्या तोंडून यायला हवं. नाही आलं तर राहीन अशीच."

"अशीच म्हणजे कशी? पस्तिशी येईल आता तुझी!" मी चिडायचे. माझा स्वभावच तापट. ती हसायची आणि पोळ्या लाटायला घ्यायची. तिचं ते हसू पाहून मला आणखीच राग यायचा. तिचा नाही, म्हाताऱ्याचा.

नाशकात टीव्ही जरा बरा दिसायला लागला त्या सुमाराला सुमनताईने एक ब्लॅक अँड व्हाइट संच घरी आणला. सुभेदारांना तो डोळ्यांसमोर नको होता. "नुसती तोंडं हलवत्यात. मी काय बघू?" बातम्या देणाऱ्या बाईवर तर त्यांचा फार राग. तिच्या तोंडावरची माशीसुद्धा हलत नसे, त्यामुळे ही बाई काहीतरी लपवते आहे, असं त्यांचं ठाम मत होतं.

मग एका रविवारी सकाळी हातात चहाचा पेला घेऊन ते टीव्हीसमोरून पलीकडे जात होते आणि जागच्या जागी थांबले. एक इंग्रजी मालिका लागली होती. परदेशात म्हणे वर्षानुवर्षं चाललेली, आपल्याकडे नवीच. अंतराळात भटकणारं एक भलंमोठं यान, त्यातली माणसं, दर आठवड्याला वेगळा ग्रह. खाली उतरायचं, संकटात सापडायचं, सुटायचं, परत वर. पडद्यावर त्या वेळी चारपाच माणसं काचेतून बाहेर टक लावून बघत होती. कुणी काही बोलत नव्हतं.

"सूनबाई!" सुभेदार केवढ्याने ओरडले. "हे तर आपलं ओ.पी. हाय!"

ओ.पी. म्हणजे पुढची चौकी, जिथून शत्रूवर नजर ठेवायची आणि मागच्या तोफांना कळवायचं. सुभेदारांची उमर त्यात गेली होती. ते खाली बसले. चहा निवून गेला. कार्यक्रम संपल्यावर त्यांनी विचारलं, "परत कवा?" रविवारी, असं तिने बोटाने कॅलेंडरवर दाखवलं. त्या दिवसापासून आमच्या घराला वेड लागलं म्हणा ना.

रविवारी सकाळी सुभेदार डोक्यावरून अंघोळ करायचे, इस्त्रीचा कोट चढवायचे, टोपी घालायचे आणि टीव्हीसमोर वेताच्या खुर्चीत ताठ बसायचे. गल्लीतली मंडळी सतरंजीवर. टीव्ही त्या वेळी गल्लीत दोन-तीनच घरी, त्यामुळे नको म्हणायची सोयच नव्हती आणि सुभेदारांना तर श्रोते हवेच होते. चित्र हललं की आमच्या ह्यांना छपरावर धाडायचे, अँटेना फिरवायला. खालून हुकूम सुटायचे. "डावे! आणखी डावे! जरा उजवे! फायर!" फायर म्हणजे थांब, हे कळेपर्यंत आमचे हे दोनदा अँटेनासकट कौलांवर घसरले होते. बरं, वरून काही सांगावं तर ऐकायला कोण? भीक नको पण कुत्रं आवर, अशी गत.

आणि मग सुभेदार ती मालिका आम्हाला सांगायचे. हो, सांगायचे! टीव्हीचा आवाज त्यांच्या आवाजाखाली गडप. गल्लीत इंग्रजी कळणारं म्हणाल तर सुमनताई आणि थोडीफार मी. बाकी सगळ्यांची मालिका म्हणजे सुभेदारांची मालिका. कप्तानाला ते साहेब म्हणत. यंत्रं सांभाळणारा जाडा होता, तो मिस्त्री. यानावरच्या डॉक्टरला त्यांनी कंपौंडर करून टाकलं होतं, कारण तो नेहमी उशिरा पोचायचा. आणि नकाशासमोर बसणारा एक कोवळा मुलगा होता. त्याला नाव नव्हतं. तो नुसता 'पोरगं'. "पोरगं नवं हाय, पण नजर चांगली हाय," असं दर रविवारी एकदा तरी व्हायचंच.

एकदा कुठल्याशा ग्रहाची राणी आणि कप्तान यांच्यात गंभीर बोलणी चालली होती. तह वगैरे काहीतरी. सुभेदारांनी सांगितलं, "पाण्यावरून तंटा हाय. बाई म्हणती, विहीर आमची. साहेब म्हणतोय, पाळी लावा." सगळी गल्ली पाण्याच्या पाळीत रंगून गेली. शेजारच्या काकू म्हणाल्या, "बाईचं बरोबर आहे, आधी घरच्यांना मिळालं पाहिजे." मी खरं काय ते सांगायला तोंड उघडलं, तर सुमनताईने मला असा चिमटा काढला की हात काळानिळा झाला. "राहू दे," ती हळूच म्हणाली. "यांचीच गोष्ट जास्त चांगली आहे." इतक्या रविवारांत तिने त्यांची एकही चूक दाखवली नाही.

भक्ती म्हणजे किती असावी? रविवारच्या लग्नाची पत्रिका आली की मुहूर्त बघायचे आणि सकाळचा असला तर आणणाऱ्यालाच सुनवायचे, "दुसरा काढा." रविवारी वीज गेली, तेव्हा सोमवारी कोट-टोपी घालून वीज कंपनीच्या कचेरीत जाऊन उभे राहिले, तिथल्या साहेबाने घाबरून खुर्ची दिली. एका रविवारी मालिकेऐवजी क्रिकेटची मॅच दाखवली, तर म्हातारा जेवला नाही. कप्तानावर त्यांचा जीव होता, पण तो स्वतः ग्रहावर उतरायचा हे त्यांना कधीच पटलं नाही. "साहेबानं चौकी सोडायची नसती. ह्याला शिकवला कुणी?"

एक गोष्ट मात्र ते चेष्टेवारी नेत नसत. माणसं ग्रहावरून परत यानात चढायला लागली की बोलणं थांबायचं. बोट पुढे करून एकेकाला मोजायचे. मिस्त्री आला, कंपौंडर आला, पोरगं आलं. "मागं कुणी ऱ्हायलं नाय ना?" असं स्वतःशीच, म्हणजे गल्लीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणायचे, आणि मगच चहा प्यायचे. मला आधी त्याचं हसू यायचं. पुढे ते हसू यायचं बंद झालं.

पितृपक्षाच्या आधी सुमनताईचा भाऊ चांदवडहून आला. कांद्याच्या ट्रकमधून आला होता, कपड्यांना वास. ओट्यावर बसून त्याने सुभेदारांच्या उजव्या कानात सगळं सांगितलं, म्हणजे गल्लीत सगळ्यांनाच सांगितलं.

"सुभेदार, लय झालं आता. बारा वर्षं सरली. माणूस बारा वर्षं नाय आला तर रामकुंडावर विधी करत्यात. पळसाच्या पानांचा पुतळा करायचा, त्याला अग्नी द्यायचा. मी भटजींना इचारून आलोय. तो बी सुटंल आन् माझी बहीण बी सुटंल."

"आन् मागनं तो आला तर?"

"तर त्याचं पुन्हा बारसं करायचं. तशी सोय हाय शास्त्रात."

"बारसं?" सुभेदार उसळले. "चाळिशीच्या माणसाला पाळण्यात घालू? आन् मंग काय, बालवाडीत धाडू?"

ओट्याबाहेर कोणीतरी फिस्कन हसलं. भाऊ हसला नाही. मग सुभेदारांचाही आवाज उतरला, त्यांच्या मानाने उतरला. "अरे, मी इथं पुतळा जाळला आन् तिकडं पोरगं कुठं जित्तं असलं तर? म्हणंल, दुसऱ्या कुणी नाय, बापानंच माझं नाव कापलं. तिला जायचं तर जाऊ दे की. मी कवा दार लावलंय?"

"ती तुमच्या तोंडाकडं बघून बसलीय ना!" भाऊ म्हणाला. सुभेदारांनी मान फिरवली आणि उजवा कान पलीकडे केला. आता कितीही ओरडा, पालथ्या घड्यावर पाणी. भाऊ न जेवता गेला. सुमनताईने त्याच्यासाठी केलेल्या मांड्यांची चवड तशीच फडक्यात गुंडाळून ठेवली, आणि मला म्हणाली, "घेऊन जा गं तुमच्याकडे. इथे कोण खाणार आता?" मला रडू फुटलं, ती नाही रडली.

त्यानंतरचाच रविवार असेल. यान एका ओसाड ग्रहावर उतरलं होतं. वादळ सुटलं, काहीतरी कोसळत होतं, आणि सगळे धावत यानाकडे निघाले. पोरगं मागे होतं. सुभेदारांनी बोट पुढे केलं. मिस्त्री आला. कंपौंडर आला. साहेब आला. पोरगं एका दरडीच्या पलीकडे अडकलं, आणि यानाचं दार मिटायला लागलं. सुभेदार गप्प झाले. त्या दिवशी पहिल्यांदा आम्हाला टीव्हीचा आवाज नीट ऐकू आला. पोरगं हात पुढे करून ओरडत होतं. मग यान उडालं, आणि त्या आठवड्याचा भाग तिथेच संपला.

सुभेदारांचं बोट अजून तसंच पुढे होतं.

"गेले?" ते म्हणाले. "टाकून गेले त्याला?" मग त्यांनी मान वळवली. सुमनताई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "सूनबाई, तुला समजतं ना त्यांचं. काय म्हणत हुतं पोरगं?"

मला ऐकू आलं होतं. 'लवकर परत या,' असं तो मुलगा ओरडला होता. चौथीतल्या पोरालाही समजेल इतकं सोपं इंग्रजी.

सुमनताई सतरंजीवरच्या माणसांतून वाट काढत त्यांच्याजवळ गेली. उजव्या कानाशी वाकली. तिचा आवाज फाटला होता, पण शब्द स्वच्छ होते.

"तो म्हणाला, माझी वाट बघू नका."

सुभेदार तिच्याकडे बघत राहिले. मग उठले, टीव्ही बंद केला, टोपी काढून खुंटीला लावली आणि आत जाऊन पडले. मंडळी चपला हातात घेऊन निघून गेली. मी सुमनताईकडे बघितलं, तिने माझ्याकडे बघितलं नाही. सोमवारी सकाळी अंगणातून आवाज आला, "सूनबाई, चांदवडला निरोप धाड. भटजींना म्हणावं, पानं आणा."

विधीला मीही गेले होते. नाशकात राहून रामकुंड हजारदा बघितलेलं, पण पानांचा माणूस कधी बघितला नव्हता. पळसाची पानं, डोक्याच्या जागी नारळ. सुभेदार एकदम म्हणाले, "आखूड झालाय. पोरगं माझ्याहून चार बोटं उंच हुतं." भटजी समजूतदार; त्यांनी खाली आणखी पानं जोडली. सुभेदारांनी हाताने माप घेतलं, मान डोलावली, अग्नी दिला. मागे बायकांमधली एक जण रीत म्हणून सुमनताईचं कुंकू पुसायला पुढे झाली, तर घाटावर म्हाताऱ्याचा आवाज घुमला, "हात लावायचा नाय तिला!" पलीकडच्या पिंडदानाची माणसंसुद्धा वळून बघायला लागली. मला त्या क्षणी त्यांच्या पाया पडावंसं वाटलं, इतके दिवस केलेला सगळा राग गिळून.

पण खरी परीक्षा पुढच्या रविवारी होती. येऊ की नको करत मंडळी जमली. सुभेदार कोट-टोपी घालून खुर्चीत. मालिका सुरू झाली आणि बघते तर यान वळलं होतं. परत त्याच ग्रहाकडे चाललं होतं. वादळ, दरड, शोधाशोध. आणि शेवटी साहेब त्या पोराला खांद्यावर टाकून दारातून आत आला. पोरगं जिवंत होतं. हसत होतं. काकूंनी टाळी वाजवली आणि लगेच हात आवरले. सगळ्यांचे डोळे सुभेदारांवर.

"आलं," ते म्हणाले. "घेऊन आले त्याला." चेहऱ्यावर काही नाही. त्यांनी चहा मागितला.

मंडळी एकेक करून उठून गेली. मी तेवढी राहिले, सतरंजी झटकायच्या निमित्ताने. सुमनताईने चहा आणला, पण पेला हातात देईना. ती त्यांच्या पायाशी बसली आणि उजव्या कानाशी तोंड नेऊन रडत ओरडली, "मामंजी, मी खोटं सांगितलं हो! तो तसं म्हणाला नव्हता. तो म्हणाला होता, लवकर या."

"मला ठाव हाय," सुभेदार म्हणाले.

तिने झटकन मान वर केली.

"असा हात पुढं करून वाट बघू नका म्हणतंय का कुणी? कान गेलेत माझे, डोळे नाय गेले. तवाच कळलं हुतं."

"मग विधी का केलात?"

"त्याचं तोंड बघितलं, आन् मंग तुझं बघितलं." त्यांनी तिच्या हातातून पेला घेऊन खाली ठेवला. "माझं पोरगं कुठं हाय ते मला ठाव नाय, सूनबाई. जित्तं असंल तर माझ्यावर रागवंल, रागवू दे. पण बारा वर्षांत तू पयल्यांदा कायतरी मागितलंस. मी काय नाय म्हणू?"

हे सगळं नेहमीच्याच आवाजात. बाहेर नळावर हंड्यांचा आवाज थांबला होता. सुमनताई त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून मोठ्याने रडत होती, आणि तिच्या केसांवर हात ठेवून म्हातारा गल्लीला ऐकू जाईल असं सांगत होता, "त्या चित्रवाल्या मास्तराला सांग, येऊन भेट म्हणावं मला. रविवारची सकाळ सोडून कवाबी."